नळाला दवेचा वास येतो तेव्हा

पावसाळा ऐन भरात होता. झरी जामणी तालुक्यातल्या एका गावी आमच्या खालाकडे आम्ही दोन दिवस मुक्कामाला गेलो होतो. यवतमाळ जिल्ह्याचा हा अगदी कडेचा मुलूख. कापसाची काळी शेते, सागाचे जंगल, मधूनमधून कोलाम बांधवांचे पोड, खाली पैनगंगा आणि नदीपलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा. तालुक्याच्या नावातच पाणी आहे. झरी म्हणजे झरा.

जेवायला बसलो तेव्हा दस्तरखानावर पाण्याचे दोन तांबे होते. एकातले पाणी पेल्यात ओतले, तर फिक्या बिनदुधाच्या चहासारखी पिवळट झाक दिसली आणि नाकात ओळखीचा उग्र वास गेला. खालाने लगेच तो पेला बाजूला सारला आणि दुसऱ्या तांब्यातले पाणी ओतले.

“ते नळाचं आहे, नको पिऊ बेटा. फार दवा टाकतात त्यात, दवाखान्यासारखं वासतं. हे आपल्या हापशीचं. बघ कसं काचेसारखं आहे.”

पाणी खरोखरच काचेसारखे होते. त्याच वेळी खालाची आठ वर्षांची नात हसत समोर येऊन बसली आणि तिच्या पुढच्या दातांवरचे पिवळट-तपकिरी पट्टे आम्हाला दिसले. तिच्या आईच्या दातांवरही तसेच पट्टे होते. घरात कुणाला त्याचे विशेष वाटत नव्हते. “आमच्याकडे सगळ्यांचेच असे असतात,” एवढेच उत्तर मिळाले.

दोन तांबे, दोन पाणी. जे दिसायला सुंदर ते पोरीच्या दातांवर खूण ठेवून गेले होते. जे तिला त्यातून वाचवण्यासाठी गावात आणले ते वासामुळे बाजूला पडले होते. हा वास येतो कुठून आणि तो घालवता येतो का, हे आपल्या घरांतल्या प्रत्येकाला ठाऊक असावे, म्हणून हा लेख.

काचेसारख्या पाण्यातले फ्लोराइड

यवतमाळ जिल्ह्याच्या या पट्ट्यात भूजलात फ्लोराइड सापडते, ही जुनी आणि नोंदलेली गोष्ट आहे. जमिनीखालच्या काही खडकांत फ्लोराइडची खनिजे असतात. पाणी त्या खडकांत वर्षानुवर्षे मुरत राहते आणि फ्लोराइड त्यात हळूहळू विरघळते. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही, म्हणून डोळ्यांना आणि जिभेला ते कळत नाही.

भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १ मिलीग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलीग्रॅमपर्यंत चालवून घेतात. त्याहून जास्त फ्लोराइडचे पाणी लहानपणी, कायमचे दात तयार होत असताना पोटात जात राहिले, तर दातांवर पट्टे उमटतात आणि ते घासून जात नाहीत. असेच पाणी बरीच वर्षे प्यायले आणि प्रमाण आणखी जास्त असले, तर फ्लोराइड हाडांत साठते. सांधे आखडतात, पाठ वाकत नाही, मान वळत नाही. अशा माणसाला नमाजात रुकू आणि सजदा करणे कठीण होते, तेव्हा घरचे त्याला वय झाल्याचे समजतात. पुष्कळदा त्यामागे पाणी असते.

पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट थोडे पाणी वाफ होऊन उडाल्याने उरलेल्यात त्याचे प्रमाण किंचित वाढते. नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय संस्थेने तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड कमी करण्याची ‘नालगोंडा पद्धत’ शोधली आणि ती देशभर गेली. पण त्यात रोजची मोजमाप लागते, तुरटी भरपूर लागते, आणि चार दिवस हयगय झाली की फ्लोराइड पुन्हा पेल्यात येते. म्हणून अशा गावांना नदीचे किंवा धरणाचे पाणी शुद्ध करून नळाने देणे हा जास्त टिकाऊ मार्ग मानला जातो. उघड्यावर वाहणाऱ्या पाण्यात फ्लोराइड सहसा कमी असते.

म्हणजे खालाच्या घरी नळ आला तो योग्य कारणासाठीच आला. फक्त नदीच्या पाण्यासोबत दुसरी एक गोष्ट आली, जी हापशीच्या पाण्यात फारशी नव्हती.

चहा गाळला तरी रंग राहतो

पैनगंगा अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते आणि बुलढाण्यापासून वाहत येऊन शेवटी वर्धा नदीला मिळते. वाटेत जंगल आहे, शेते आहेत, गावे आहेत, गुरांची पाणवठ्याची ठिकाणे आहेत. पहिला जोराचा पाऊस झाला की सागाचा आणि पळसाचा कुजलेला पाला, शेतातली खतमाती, शेण आणि नाल्यांतली घाण धुऊन नदीत येते. उन्हाळ्यात धार बारीक होऊन जागोजागी डोह उरतात आणि त्यांत शेवाळ माजते. जिवंत वस्तूंपासून आलेल्या या साऱ्याला सेंद्रिय पदार्थ म्हणतात.

त्याचे दोन भाग असतात. एक डोळ्यांना दिसणारा: काडी, पान, शेवाळाचा धागा, गाळाचा कण. तो कापडाने गाळता येतो, नाहीतर तळाशी बसतो. दुसरा भाग पाण्यात विरघळलेला असतो. पाला कुजून ह्युमिक आणि फल्विक आम्ले तयार होतात आणि तीच पाण्याला पिवळी-तपकिरी झाक देतात.

फरक समजायला आपल्या स्वयंपाकघरातला चहा पुरे. चहा गाळणीतून गाळला की पत्ती वर राहते, पण रंग पेल्यात उतरतोच. दोनदा गाळा, चार पदरी कापडातून गाळा, रंग जात नाही. नदी म्हणजे पालापाचोळ्याचा फार फिका, थंड चहा समजा. नुसत्या वाळूच्या गाळणीतून काढला तरी त्याचा रंग बराचसा तसाच राहतो.

हे विरघळलेले पदार्थ स्वतः सहसा विषारी नसतात. जंगलातल्या ओढ्याचे पाणी माणसे पिढ्यानपिढ्या पीत आली. अडचण सुरू होते ती या पाण्यात क्लोरीन पडल्यावर.

क्लोरीनची शिल्लक

गावोगावी पाण्यात जी पांढरी पावडर टाकतात तिला आपण टीसीएल म्हणतो. तीच ब्लिचिंग पावडर. ताज्या पावडरीत शेकडा ३३ च्या आसपास क्लोरीन असतो. १००० लिटर पाण्याला ५ ग्रॅम पावडर घातली, तर लिटरमागे सुमारे १.६ मिलीग्रॅम क्लोरीन पडला. हाच क्लोरीन पटकी, विषमज्वर, हगवण यांचे जंतू मारतो.

आता हिशेब बघू. बाजाराला निघताना कनवटीला शंभर रुपये आहेत. वाटेत जुना उधारीवाला भेटला, त्याने ऐंशी काढून घेतले. बाजारात पोहोचलो तेव्हा हातात वीसच. क्लोरीनचे असेच होते. जंतूंकडे पुरेसा वळण्याआधी तो सेंद्रिय पदार्थांशी आणि शेण-मुतातून आलेल्या अमोनियाशी भिडतो आणि तिथेच खर्च होतो. १.६ मिलीग्रॅमपैकी १.५ तिथेच गेला, तर उरला ०.१. मानक सांगते की पाणी लोकांपर्यंत पोहोचेल तेव्हा त्यात मोकळा क्लोरीन किमान ०.२ मिलीग्रॅम शिल्लक असावा. पावडर जुनी, दमट, उघड्या पोत्यातली असेल तर मुळातच क्लोरीन कमी. मग शिल्लक काहीच नाही.

आणि वास? इथेच आपल्या घरांत सर्वांत मोठा गैरसमज आहे. उग्र वास आला की आपण म्हणतो, आज दवा जास्त पडली. पुष्कळदा खरे उलट असते. स्वच्छ पाण्यात प्रमाणात टाकलेल्या मोकळ्या क्लोरीनचा वास सौम्य असतो. नाकाला झोंबणारा वास बऱ्याच वेळा क्लोरीनचा अमोनियाशी आणि नत्रयुक्त सेंद्रिय पदार्थांशी संयोग होऊन बनलेल्या क्लोरामाइन नावाच्या संयुगांचा असतो. म्हणजे दवेचा वास भरपूर, पण जंतू मारणारी मोकळी दवा थोडी.

ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक रोज ओटी टेस्ट करतो. पाण्यात औषधाचे थेंब टाकले की ते पिवळे होते, हे पुष्कळांनी पाहिले असेल. यातही एक बारकावा आहे. मोकळा क्लोरीन थेंब टाकताच रंग देतो. संयोगात अडकलेला क्लोरीन हळूहळू, काही मिनिटांत रंग देतो. म्हणून रंग ताबडतोब बघायचा. नळी बाजूला ठेवून पाच मिनिटांनी आलेला पिवळा रंग बघून ‘क्लोरीन आहे’ असे लिहिले, तर वहीतली नोंद खरी आणि पाणी खोटे असे होऊ शकते.

रॉटरडॅममध्ये १९७४ साली सापडलेली गोष्ट

क्लोरीन आणि कुजलेला पाला यांची आणखी एक गोष्ट जगाला बरीच उशिरा कळली. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहराच्या पाणीपुरवठ्यात योहानेस रूक नावाचे रसायनतज्ज्ञ काम करत होते. १९७४ साली त्यांनी दाखवून दिले की नदीच्या पाण्यात नसलेला क्लोरोफॉर्म क्लोरीन टाकल्यावर पाण्यात तयार होतो, आणि त्याचे मूळ पाण्याला रंग देणाऱ्या नैसर्गिक सेंद्रिय पदार्थांत आहे. त्याच वर्षी अमेरिकेतल्या संशोधकांनाही तेच आढळले. या गटातल्या संयुगांना ट्रायहॅलोमिथेन म्हणतात.

मोठ्या प्रमाणात दिलेल्या क्लोरोफॉर्मने प्राण्यांत कर्करोग होतो असे प्रयोगांत दिसल्यावर देशोदेशी मर्यादा ठरल्या. अमेरिकेने १९७९ साली सगळ्या ट्रायहॅलोमिथेन्सची मिळून लिटरमागे ०.१ मिलीग्रॅमची मर्यादा घातली आणि पुढे ती ०.०८ वर आणली. आपल्या आयएस १०५०० मध्येही क्लोरोफॉर्मसाठी ०.२ मिलीग्रॅमची मर्यादा आहे आणि बाकीच्या तिघांसाठी वेगवेगळ्या. पाण्यातले एकूण सेंद्रिय पदार्थ किती असावेत याची मर्यादा मात्र त्या मानकात नाही. रंग, वास आणि गढूळपणा यांच्या मर्यादा आहेत.

वाचकांनी इथे घाबरून जाऊ नये, आणि चुकीचा अर्थ तर मुळीच काढू नये. ट्रायहॅलोमिथेनचा धोका वर्षानुवर्षे रोज प्यायलेल्या पाण्याचा आणि तुलनेने लहान आहे. क्लोरीन नसलेल्या पाण्याचा धोका उद्याचा आहे. हगवणीने लहान मूल दोन दिवसांत जाऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेनेही स्पष्ट म्हटले आहे की या उपपदार्थांच्या भीतीने जंतुनाशनात तडजोड करू नये. तेव्हा ‘दवा बंद करा’ ही मागणी घातक आहे. मागणी अशी हवी की दवा टाकण्याआधी पाण्यातला पाला-शेवाळाचा अर्क काढून टाका.

आधी काढा, मग दवा टाका

तो काढायचा कसा? यातले मुख्य साधन आपल्या आजीच्या मांडणीवरचेच आहे. तुरटी.

तुरटी माती तळाशी बसवते हे सर्वांना माहीत आहे. ती विरघळलेला रंगही ओढून घेते, हे कमी जणांना माहीत असते. मातीचे बारीक कण आणि ह्युमिक पदार्थ दोघांवरही ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटत पाण्यात तरंगत राहतात. तुरटीतल्या अॅल्युमिनियमचा भार धन. तो या दोघांनाही जवळ आणतो, कापसाच्या पेळूसारखे मऊ पुंजके तयार होतात आणि ते जड होऊन खाली बसतात. जलशुद्धीकरण केंद्रात हेच मोठ्या प्रमाणावर चालते. जॅकवेलमधून पाणी वर येते, पायऱ्यांवरून पडताना हवा घेते, तुरटीचे द्रावण पडून जोरात घुसळले जाते, मग संथ ढवळत पुंजके वाढू देतात, ते बसवतात, वरचे पाणी वाळूच्या गाळणीतून जाते आणि शेवटी क्लोरीन.

यात तीन ठिकाणी नेमके लक्ष लागते.

पहिले, तुरटी किती टाकायची. ह्युमिक पदार्थांना मातीच्या कणांपेक्षा जास्त तुरटी लागते. पण केंद्रावर बहुधा गढूळपणा मोजून तुरटी ठरवली जाते. पावसाळा सरता सरता पाणी दिसायला निवळते, गढूळपणाचा आकडा उतरतो, तुरटी कमी केली जाते, आणि पिवळा रंग मात्र तसाच पुढे टाकीत जातो. यावर उपाय म्हणजे जार टेस्ट. नदीचेच पाणी सहा भांड्यांत घ्यायचे, प्रत्येकात तुरटीचे प्रमाण थोडे वाढवत जायचे, आधी जोरात मग हळू ढवळायचे, अर्धा तास बसू द्यायचे आणि वरच्या पाण्याचा गढूळपणा व रंग दोन्ही बघायचे. तासा-दीड तासाचे काम आहे. नदीचे पाणी बदलले की ही चाचणी पुन्हा केली पाहिजे.

दुसरे, पाण्याचा सामू. शेतकरी वाचकांना जमिनीचा सामू माहीत असतो, पाण्याचाही असतो. सेंद्रिय पदार्थ काढायला तुरटी सामू ६ च्या आसपास सर्वांत चांगले काम करते. नद्यांचे पाणी बहुधा ७ ते ८.५ च्या दरम्यान असते, आणि चुनखडीच्या मुलखातल्या पाण्याची क्षारता जास्त असल्याने सामू सहजी खाली येत नाही. त्यामुळे सगळीकडे सारखे यश मिळत नाही. अमेरिकेच्या १९९८ सालच्या नियमात ही अडचण मान्य केलेली आहे. पाण्यात सेंद्रिय कार्बन किती आणि क्षारता किती, यावरून तो कार्बन किती काढायचा याचे प्रमाण १५ ते ५० टक्क्यांपर्यंत वेगवेगळे ठरवले आहे. म्हणजे तुरटीने सगळे निघत नाही, पण बराच भार हलका होतो. सामू मुद्दाम उतरवला असेल, तर पाणी गावात सोडण्याआधी चुना टाकून तो परत वर आणावा लागतो, नाहीतर लोखंडी नळ गंजतात.

तिसरे, क्लोरीन कुठे टाकायचा. शेवाळ वाढू नये म्हणून काही केंद्रांवर कच्च्या पाण्यातच क्लोरीन टाकतात. तेव्हा सेंद्रिय पदार्थ सर्वांत जास्त असतात. क्लोरीनही जास्त खर्च होतो आणि उपपदार्थही जास्त बनतात. शेवाळाच्या पेशी फुटून मातकट वास पाण्यात उतरतो तो वेगळाच. मुख्य क्लोरीन गाळ बसल्यानंतर, शक्यतो गाळणीनंतर टाकला, तर तेवढ्याच पावडरीत शिल्लक जास्त राहते. या बदलाला नवी इमारत लागत नाही, नळीची जागा बदलावी लागते.

याहून पुढचे उपायही आहेत. नारळाच्या करवंटीचा किंवा दगडी कोळशाचा सक्रिय कोळसा उरलेला रंग, वास आणि उपपदार्थ शोषून घेतो. संथ वाळू-गाळणीत वाळूच्या वरच्या थरावर उपयोगी जीवाणूंचा पापुद्रा तयार होतो आणि ते काही सेंद्रिय पदार्थ खाऊन टाकतात. लंडन शहराने १८२९ सालापासून ही गाळणी वापरली. मात्र पावसाळ्यातले फार गढूळ पाणी तिला सोसत नाही, थर लगेच तुंबतो. लहान गावाला सर्वांत आधी परवडतो तो तुरटीचाच नीट वापर.

रंग, बू आणि मजा

आपल्याकडे पाण्याच्या पाकीचा विचार करताना रंग, बू आणि मजा या तीन खुणा पाहण्याची शिकवण आहे. फिकहच्या किताबांत हेही सांगितले आहे की झाडाचा पाला पडून किंवा शेवाळाने पाण्याचा रंग थोडा बदलला, तरी ते नापाक होत नाही, त्याने वजू होतो. मशिदीच्या हौजात झाडाची पाने पडली म्हणून कुणी नमाज थांबवत नाही.

पण वजूला चालणारे पाणी आणि तान्ह्या मुलाच्या दुधात मिसळायचे पाणी, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पाकी हा इबादतीचा प्रश्न, प्रकृती हा जिवाचा प्रश्न, आणि जिवाची काळजी घेणे हीही आपल्यावर जबाबदारीच आहे. या तीन खुणा आपल्याला सावध करायला फार उपयोगी आहेत, तरी प्रत्येक गोष्ट त्यांत सापडत नाही. खालाच्या हापशीचे पाणी तिन्ही खुणांना उतरले होते आणि तरी त्यात फ्लोराइड होते.

घरात काय करता येते

केंद्रावर सुधारणा होईपर्यंत घरात करता येण्यासारखे बरेच आहे. फक्त क्रम चुकवू नये.

आधी गाळणे. जुन्या सुती साडीचे किंवा ओढणीचे किमान चार पदर करून त्यातून पाणी गाळावे. बांगलादेशातल्या मतलब भागात झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एवढ्यानेच गावांतला पटकीचा आजार जवळजवळ निम्म्यावर आला होता, कारण पटकीचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म जीवांना चिकटून असतात. कापड रोज धुऊन उन्हात वाळवावे. त्याने रंग मात्र जाणार नाही.

मग तुरटी. स्वच्छ खडा पाण्यात काही वेळा फिरवून काढून घ्यावा, पाणी हळूहळू ढवळावे आणि अर्धा ते एक तास अजिबात हलवू नये. तळाशी पुंजके बसले की वरचे पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात काढावे. पाण्याला तुरट चव आली तर तुरटी जास्त झाली. शेवग्याच्या किंवा निवळीच्या बियांची पूड वापरण्याची रीतही जुनी आहे आणि माती बसवायला ती चांगली. पण शेवग्याच्या बीमधला बराचसा अंश पाण्यातच राहतो, म्हणजे नवा सेंद्रिय पदार्थ पडतो. असे पाणी साठवून ठेवू नये.

शेवटी क्लोरीन. आशाताईंकडून मिळणारे क्लोरीनचे थेंब किंवा गोळी, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात, निवळलेल्याच पाण्यात टाकावी आणि अर्धा तास थांबावे. गढूळ, रंगीत पाण्यात आधी थेंब टाकले तर ते वाया जातात. वास राहिला तर भांडे स्वच्छ कापडाने झाकून काही तास ठेवावे, वास उतरतो. रात्री पाण्याची भांडी झाकण्याची सवय आपल्या घरांत असतेच, तीच इथे कामी येते.

उकळणे हा जंतूंवर खात्रीचा उपाय आहे. खळखळून एक मिनिट उकळले की पुरे. फ्लोराइड मात्र त्याने जात नाही, हे पुन्हा सांगतो. आरओ यंत्राने फ्लोराइड आणि सेंद्रिय पदार्थ दोन्ही कमी होतात, पण क्लोरीनही निघून जातो. म्हणून विकतच्या आरओ कॅनचे पाणी तीन-तीन दिवस ठेवून पिणे बरे नाही. घरच्या यंत्रातली कोळशाची गाळणी वेळेवर बदलली नाही, तर तीच जंतूंचे घर होते.

आणि हापशीवर फ्लोराइडची लाल खूण असेल, तर ते पाणी धुण्या-भांड्याला वापरावे. पिण्याला आणि स्वयंपाकाला, विशेषतः लहान मुलांना आणि गरोदर बायकांना, देऊ नये.

गावाने काय विचारावे

ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या जागा महिलांच्या असतात. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासण्याच्या पेटीचे प्रशिक्षण द्यायची तरतूद आहे. या जागा आपल्या भगिनींनी रिकाम्या ठेवू नयेत. घरात पाणी भरते ती, पाण्याचा रंग आणि वास आधी ओळखते ती, मग समितीत बोलणारी दुसरी कुणी कशाला हवी?

ग्रामसभेत विचारायचे प्रश्न साधे आहेत. केंद्रावर जार टेस्ट शेवटची कधी झाली? तुरटीचे प्रमाण ठरवताना रंग बघतात की फक्त गढूळपणा? क्लोरीन गाळणीच्या आधी टाकतात की नंतर? टीसीएलची पोती कधीची आहेत आणि ती कोरड्या जागेत बंद ठेवली आहेत का? ओटी टेस्ट टाकीजवळच होते की गावाच्या शेवटच्या घरातल्या नळावरही? गावाला आरोग्य विभागाकडून लाल, पिवळे की हिरवे कार्ड मिळाले आहे? आणि पिण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक हापशीचा फ्लोराइडचा अहवाल कुठे लावला आहे?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खालाच्या समोर नळाचे पाणी कापडाने गाळले, तुरटी फिरवली आणि घागर ओट्यावर ठेवून दिली. तासाभराने वरचे पाणी काढले तेव्हा तळाशी तपकिरी पुंजके बसलेले होते. पाण्याची पिवळी झाक बरीच उतरली होती. क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबलो. मग खालाने पेला नाकाशी नेला, पुन्हा नेला आणि एक घोट घेतला.

“आता तितकं वासत नाही,” ती म्हणाली. मग घागरीच्या तळाकडे बघत म्हणाली, “पण बेटा, ही घाण मी घरात काढायची, तर तिकडे टाकीवर काय करतात?”

हाच प्रश्न ग्रामसभेत विचार, असे आम्ही तिला सांगितले. तोवर नातीच्या शाळेच्या बाटलीत नळाचे, असे निवळलेले पाणी भरायचे, हे त्या घरात ठरले. तिचे दात आता बदलायचे नाहीत. पण तिचा धाकटा भाऊ दोन वर्षांचा आहे, त्याचे कायमचे दात अजून यायचे आहेत.